गाव उठले, रान वाढले

झिंडेलफिंगेनहून श्वार्त्सवाल्डच्या राष्ट्रीय उद्यानात जायला गाडीने साधारण सव्वा तास लागतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो रस्ता पाहिलेला आहे. पुण्याहून आईवडील आले की एक रविवार लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याला, एक स्टुटगार्टच्या मोटारींच्या संग्रहालयाला आणि एक श्वार्त्सवाल्डला, हे आपल्या मंडळातल्या घरोघरचे वेळापत्रक आहे. लेकीकडे येते तेव्हा मीही त्यातून सुटलेले नाही, आणि सुटावे असे वाटतही नाही.

यंदा मात्र मंडळाच्या तरुण मुलामुलींनी वेगळाच विषय काढला. दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलावर जमणारे पैसे सह्याद्रीतल्या वाघांसाठी द्यावेत, असे त्यांच्या मनात आहे. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले आणि उमेदीची बरीच वर्षे कोयना-वारणेच्या खोऱ्यांत विद्यार्थ्यांना घेऊन झाडपाला गोळा करत हिंडले. म्हणून संपादकांनी फर्मावले, त्या जंगलावर तुम्हीच लिहा. तेव्हा मुलांनो, पैसे द्यायचे की नाही आणि कुठे द्यायचे, हे तुम्ही ठरवा. ज्या रानासाठी देणार त्याची आधी ओळख करून घ्या, एवढेच माझे मागणे. (ज्यांना मराठी वाचायला जड जाते त्यांनी आईबाबांना मोठ्याने वाचायला लावावे. त्यांनाही सराव होईल.)

नकाशावर महाबळेश्वर शोधा. तिथून दक्षिणेकडे सह्याद्रीच्या माथ्यावरून बोट फिरवत या. आधी कोयना अभयारण्य लागते, ४२३ चौरस किलोमीटरचे. त्याच्या खाली चांदोली राष्ट्रीय उद्यान, ३१७ चौरस किलोमीटर. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी हे चार जिल्हे इथे एकमेकांना भिडतात. दोन्ही जंगले आणि भोवतालचा पट्टा मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटर आहे. आपले श्वार्त्सवाल्डचे उद्यान झाले तेव्हा साधारण १०० चौरस किलोमीटरचे होते, म्हणजे एकटी चांदोलीच त्याच्या तिप्पट. सगळ्या व्याघ्र प्रकल्पात अख्खे स्टुटगार्ट शहर पाच वेळा मावेल. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून निवडली. त्यांत महाराष्ट्रातली चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कासच्या फुलांचे फोटो तुमच्या मोबाइलवर दरवर्षी सप्टेंबरात येऊन पडतात. चांदोलीचे येत नाहीत, कारण तिथे सहसा कोणी जात नाही.

का जात नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा सरळ कोकणात उतरतो. पूर्वेकडून यावे तर कोयनेचा शिवसागर आणि वारणेचा वसंतसागर आडवे पसरलेले. पहिल्यात १०५ टीएमसी पाणी मावते, दुसऱ्यात ३४. वासोट्याच्या किल्ल्यावर जायचे तर बामणोलीहून लाँच घ्यावी लागते. 'दुर्गम जंगल' असे आपण सहज म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की ते अनादिकाळापासून माणसापासून दूर राहिलेले असेल. या रानाचे दुर्गमपण बरेचसे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे आहे आणि ते धरणांनी आणले आहे. त्याआधी त्याच दऱ्यांतून पाऊलवाटा होत्या, कोकणातून घाटावर मीठ नि सुकी मासळी येत होती, वर गावे होती. प्रचितगडाच्या पायथ्याशी कोकणात शृंगारपूर आहे, संभाजीराजांच्या येसूबाईंचे माहेर. ही वाटेतली वस्ती होती, आडबाजूची नव्हे.

आता झाडांकडे वळते, कारण ते माझे खरे क्षेत्र.

'उष्ण कटिबंधातले वर्षावन' म्हटले की डोळ्यांपुढे ॲमेझॉन येते: बारा महिने पाऊस आणि गगनाला भिडलेले वृक्ष. सह्याद्रीचे वर्षावन तसे नाही. इथे पाऊस चार महिने पडतो, आणि काय पडतो! चांदोलीच्या माथ्यावर पाथरपुंज नावाचे गाव आहे. तिथे काही वर्षी एका पावसाळ्यात ७,००० मिलीमीटरच्या वर पाऊस मोजला गेला आहे. ज्यांना आकड्यांवरून अंदाज येत नाही त्यांनी असे समजावे, की झिंडेलफिंगेनमध्ये नऊ-दहा वर्षांत जेवढे पाणी आभाळातून पडते तेवढे तिथे जून ते सप्टेंबरात. आणि मग आठ महिने जवळजवळ कोरडे. या आठ महिन्यांत पाने न गाळता तग धरून राहायचे, हे तिथल्या झाडांचे कसब. पाने जाड, चामड्यासारखी, वरून तुळतुळीत. माथ्यावर वारा इतका की झाडे उंच वाढत नाहीत. एकमेकांना खेटून उभी राहतात आणि वरून पाहिले तर हिरवी गोधडी पसरल्यासारखी दिसतात. आम्ही विद्यार्थ्यांना या जंगलाची ओळख तीन नावांनी करून देत असू: अंजनी, जांभूळ, पिसा. ही तिन्ही एकत्र दिसली की समजावे, आपण उत्तर सह्याद्रीच्या खऱ्या सदाहरित रानात आलो. मार्चच्या सुमारास अंजनीला खोडाफांद्यांना चिकटून निळी-जांभळी फुले येतात. ज्याने ती पाहिली नाहीत त्याला मी सह्याद्री पाहिला असे म्हणू देत नाही.

झाडांखाली कारवी. सात वर्षे ती नुसती वाढते आणि मग एका पावसाळ्याअखेरीस डोंगरच्या डोंगर एकदम फुलतात. फुलून, बी धरून ती मरते. तिच्या वाळलेल्या काठ्या विणून, वर शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती होत. चांदोलीतली घरे अशीच होती. म्हणजे घराची भिंत दर सात वर्षांनी जंगलातून नवी मिळायची, आणि झाड एकही तोडावे लागायचे नाही.

मधूनमधून रान तुटते आणि सडा सुरू होतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. चांदोलीत झोळंबीचा सडा प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात पाहिलात तर करपलेला तवा. पाऊस सुरू झाला की त्याच दगडावर बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू उगवतात. यातल्या शेवटच्या दोन वनस्पती कीटक खातात. मातीत नत्र नाही, तेव्हा ते डासचिलटांतून मिळवायचे. आता गंमत पाहा. श्वार्त्सवाल्डच्या माथ्यावर, श्लिफकॉफच्या बाजूला, असेच उघडे पठारी तुकडे आहेत. त्यांना स्थानिक लोक 'ग्रिंडे' म्हणतात, म्हणजे टक्कल. तिथल्या दलदलीतही दवबिंदूची बहीण उगवते. शाळेच्या सहलीत तुम्हाला 'झोनेनटाऊ' म्हणून दाखवली असेल. तीच जात नाही, पण तेच कूळ आणि तीच युक्ती. मातीच्या गरिबीतून दोन खंडांत दोघींनी एकच धंदा काढला आहे.

प्राण्यांची यादी लांब आहे, ती तुम्हाला कुठेही मिळेल. गवे, सांबर, भेकर, अस्वल, रानकुत्रे, बिबटे आहेत. सशाएवढे पिसोरी हरीण आहे. शेकरू आहे, आपल्या राज्याचा मानाचा प्राणी, जो झाडावरून सहसा उतरत नाही. महाधनेश उडाला की पंखांचा असा आवाज होतो, की पहिल्यांदा ऐकणारा वर पाहतोच.

आता मूळ मुद्द्यावर येते. हे रान रिकामे नव्हते.

झोळंबी, निवळे, गोठणे, रुंदिव ही आज वनखात्याच्या नकाशावरची नावे आहेत. पाणवठ्याची, चौकीची, पठाराची. माझ्या तरुणपणी ती गावे होती. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, खाचरात भात, घरामागे फणस, गावाबाहेर देवराई. वरच्या पठारांवर गवळी धनगरांचे वाडे, त्यांच्या म्हशी. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी या धनगरांच्या जगण्याचा अभ्यास केला होता. गाडगीळांनीच वा. द. वर्तकांबरोबर पश्चिम घाटातल्या देवरायांवर सत्तरच्या दशकात लिहिले, आणि 'अंधश्रद्धा' म्हणून ज्याकडे शिकलेले लोक पाहत होते त्यात जुन्यातले जुने वृक्ष टिकले आहेत हे शास्त्राच्या भाषेत मांडले.

इथे जर्मनीचा संबंध येतो, आणि तो थोडाथोडका नाही. इंग्रजांनी हिंदुस्थानात वनखाते काढले तेव्हा त्याचा पहिला महानिरीक्षक नेमला तो इंग्रज नव्हता. तो बॉनचा डीट्रिख ब्रांडिस, साल १८६४. त्याच्यामागून श्लिख, मग रिबेनट्रोप. पहिले तिन्ही महानिरीक्षक जर्मन. कारण सरळ होते: जंगल मोजावे कसे, किती वर्षांनी किती तोडावे, पुन्हा किती लावावे, हे शास्त्र जर्मन लोकांनी बसवले होते. सॅक्सनीच्या कार्लोवित्सने १७१३ सालीच त्यावर ग्रंथ लिहिला होता. आज तुमच्या कचेऱ्यांतल्या प्रत्येक सादरीकरणात जो 'नाखहाल्टिगकाइट' शब्द असतो, त्याचे मूळ त्या ग्रंथात सापडते. या शास्त्रासोबत एक समजूतही हिंदुस्थानात आली. जंगल सरकारचे, आणि त्यात राहणारा माणूस हा सवलतीवर राहणारा. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगले झाली, डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीवर, म्हणजे कुमरीवर, बंधने आली. ब्रांडिस स्वतः त्या मानाने उदार होता. गावांना त्यांची म्हणून जंगले असावीत असे त्याचे मत होते आणि देवरायांची त्याने आवर्जून नोंद केली आहे. पण कायदा झाला तो त्याच्या मनासारखा झाला नाही.

मग धरणे आली. कोयनेच्या पाण्यावर आज १,९६० मेगावॉट वीज तयार होते. आपल्यापैकी कित्येकांनी त्या विजेच्या दिव्याखाली अभ्यास करून परदेश गाठला आहे. कोयनेच्या खोऱ्यातली माणसे पाण्याखाली गेलेली गावे सोडून सोलापूरपासून ठाणे-रायगडपर्यंत पांगली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला आणि जवळजवळ दोनशे माणसे गेली. धरणाच्या पाण्याने भूकंप घडू शकतो याचे हे जगभरातल्या पाठ्यपुस्तकांतले उदाहरण आहे. पुढे वारणेवर धरण झाले. पुन्हा काही गावे उठली. जी वर डोंगरावर राहिली, त्यांच्यासाठी १९८५ साली अभयारण्य आले आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान.

हे दोन शब्द सारखे वाटतात, पण कायद्यात त्यांत मोठे अंतर आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यात माणसांचे काही हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात ते संपवावे लागतात. गुरे चारता येत नाहीत, मध काढता येत नाही, राहता येत नाही. तीसच्या वर गावे टप्प्याटप्प्याने उठवून सांगली-कोल्हापूरच्या सपाटीवर बसवली. जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा कायदा २००६ साली झाला, उद्यान झाल्यानंतर दोन वर्षांनी. श्रमिक मुक्ती दलाने आणि भारत पाटणकरांनी धरणग्रस्तांचे आणि अभयारण्यग्रस्तांचे लढे वर्षानुवर्षे चालवले. जे काही मिळाले ते पुष्कळसे त्या मोर्च्यांनी आणि ठिय्यांनी मिळाले, आपसूक नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर मी अशाच एका वसाहतीत गेले होते. चारी बाजूंना ऊस, मध्ये सरळ रेषेत घरे. ऐंशीच्या घरातले एक आजोबा ओसरीवर बसले होते. मी चांदोलीत झाडे पाहायला यायचे म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "बाई, पिसा ऱ्हायलाय का वढ्याला?" मी म्हटले, "आहे, आजोबा. वाढलाय चांगला." ते म्हणाले, "वाढणारच. गुरं न्हाईत, माणूस न्हाई. काय व्हायचं त्येला." मग त्यांनी मला त्या ओढ्याची दोन्ही बाजूंची झाडे क्रमाने सांगितली, वरून खाली, अठरा की एकोणीस. मी मनात माझी जुनी टिपणवही उघडून पडताळत होते. त्यांचा क्रम बरोबर होता, आणि दोन झाडे तर माझ्या वहीत नव्हतीच.

राग दिसला तो जंगलाबद्दल नव्हता. राग होता सातबाऱ्यावर. जमीन मिळाली होती, पण ती मुरमाड, आणि उताऱ्यावर नाव चढवायला मुलाने किती खेपा घातल्या त्याचा हिशेब त्यांनी सोडून दिला होता. "हितनं डोंगर बी दिसत न्हाई," असे ते म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले. त्यांचा नातू चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. ते भाग कुठल्या मोटारीत बसतात हे मी विचारले नाही. झिंडेलफिंगेनच्या वाचकांना त्याचा अंदाज बांधता येईल.

आता इकडची गोष्ट ऐका. श्वार्त्सवाल्डमध्ये राष्ट्रीय उद्यान करायचे ठरले तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे तुमच्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. मे २०१३ मध्ये तिथल्या सात गावांनी लोकांचे मत घेतले. बाइर्सब्रोनमध्ये तीन-चतुर्थांशांहून जास्त मते विरोधात पडली. विरोधाची कारणे काय होती? लाकडाचा धंदा बुडेल, खोड पोखरणारा भुंगा शेजारच्या खासगी स्प्रूसमध्ये पसरेल, मशरूम नि ब्लाउबेरी तोडू देणार नाहीत. उद्यान तरी झालेच, १ जानेवारी २०१४ पासून. पण त्या भुंग्यासाठी उद्यानाच्या कडेने ५०० मीटरचा पट्टा राखला, तिथे लागण झालेली झाडे तोडून काढतात. संपूर्ण उद्यान एकदम 'हात लावू नका' केले नाही. तीस वर्षांची मुदत घेतली. एकाही माणसाला घर सोडावे लागले नाही, कारण ती सगळी जमीन आधीपासून सरकारी जंगलाची होती.

मी ही तुलना जर्मनांचे कौतुक करायला करत नाही. जमीन निराळी, लोकसंख्या निराळी, इतिहास निराळा. आणि श्वार्त्सवाल्डचे जंगल तरी कुठे आदिम आहे? इथले मूळचे रान अठराव्या शतकात तोडून, ओंडके मुर्ग आणि ऱ्हाइन नद्यांतून हॉलंडला पाठवले गेले. ॲम्स्टरडॅमच्या घरांखाली आणि जहाजांत ते आजही असतील. उघडे पडलेले डोंगर मग स्प्रूस लावून भरले. २६ डिसेंबर १९९९ ला लोथार वादळ आले आणि हे एकसुरी स्प्रूस काड्यांसारखे आडवे झाले. लोथारफाडवर तुम्ही ते पडलेले बुंधे आणि त्यांतून उगवलेले नवे रान पाहिले असेल, लहान मुलांना तिथल्या शिड्या फार आवडतात. तुलनेचा मुद्दा एवढाच, की मत विचारणे आणि मुदत देणे या दोन गोष्टींना फार पैसा लागत नाही.

पण मग चांदोलीचे उद्यान करायलाच नको होते का? असे मी म्हणणार नाही. १९८० च्या आसपास मी पाहिलेले काही उतार बोडके होते. कोळशासाठी तोड चालत असे, आणि ती गावकऱ्यांपेक्षा ठेकेदारांची जास्त होती. तेच उतार आज दाट झाले आहेत. वारणा आणि कोयना उन्हाळ्यात वाहतात त्यामागे हे डोंगर आहेत, आणि सांगलीच्या उसालाही तेच पाणी. जंगल राखले ही चांगली गोष्ट झाली. ते ज्यांच्या जिवावर राखले गेले त्यांचा हिशेब अर्धवट राहिला, ही वाईट गोष्ट झाली. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. तुमच्या वयात असताना मलाही दोन्हींतले एकच निवडावेसे वाटे.

गंमत पुढेच आहे. गावे उठल्यावर त्यांच्या शेतांवर गवत वाढले. त्या गवतावर गवे आले, सांबर आले. म्हणजे आज पर्यटक ज्या कुरणात गवा पाहून खूश होतात ते मुळात कोणाचे तरी नाचणीचे शेत होते. आता तिथे माणूस नाही, गुरे नाहीत, त्यामुळे हळूहळू झुडुपे शिरतात, मग झाडे, आणि कुरण मिटत जाते. तेव्हा वनखात्यालाच ते उघडे राखायचे काम करावे लागते. इकडे ग्रिंड्यांवरही हेच. शेकडो वर्षे गुरे चरली म्हणून ती टकले राहिली. चराई थांबल्यावर झाडे चढू लागली, आणि दुर्मीळ पाखरांसाठी आज तिथे मुद्दाम गुरे चारतात. राष्ट्रीय उद्यानाच्या आत! चांदोलीतल्या एखाद्या धनगराला हे सांगितले तर तो खोटे समजेल.

राहिला वाघ.

व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला तेव्हा तिथे वाघ जवळजवळ नव्हते. ठसे मिळत, विष्ठा मिळे, वाघ दिसत नसे. मे २०१८ मध्ये कॅमेऱ्यात एक टिपला गेला. २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा एक आला, आणि तो राहिला. हे सगळे नर. वाघांत तरुण नर जन्मगाव सोडून शेकडो किलोमीटर भटकतात, माद्या आईच्या हद्दीला लागून राहतात. कर्नाटकातल्या काळी नदीच्या जंगलांपासून गोव्याच्या कडेने, राधानगरीवरून चांदोलीपर्यंत डोंगरांची माळ आहे, तिच्यावरून नर येत होते. मादी येत नव्हती. तुम्हाला श्वार्त्सवाल्डचा लांडगा ठाऊक असेल, 'जीडब्ल्यू ८५२ एम' असे लष्करी थाटाचे नाव असलेला. २०१७ पासून तो उत्तर श्वार्त्सवाल्डमध्ये वर्षानुवर्षे एकटाच हिंडत राहिला. चांदोलीच्या वाघाचे दुखणे तेच होते.

म्हणून केंद्र सरकारने ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ हलवायला परवानगी दिली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची एक वाघीण चांदोलीत आणली. तिला थेट रानात न सोडता आधी कुंपणाच्या मोठ्या आवारात ठेवले, हे शहाणपणाचे झाले. ताडोबाचे रान सागवान-बांबूचे, कोरडे. तिथून सह्याद्रीच्या ओल्या, उभ्या, धुक्याच्या रानात आलेल्या जनावराला जुळवून घ्यायला वेळ लागणार. तिच्या पोटासाठी सागरेश्वरहून चितळही आणून सोडले आहेत. यावर माझी वनस्पतिशास्त्रज्ञाची एक कुरकुर नोंदवून ठेवते. चितळ हा मोकळ्या, कोरड्या रानाचा प्राणी, सात हजार मिलीमीटर पावसाचा नाही. कुरणांत तो टिकेल कदाचित. पण इथल्या वाघाचे खरे अन्न सांबर आणि गवा, आणि त्यांच्यासाठी ती जुनी शेते उघडी राहायला हवीत.

तेव्हा मुलांनो, तुमच्या पैशांबद्दल. वाघाच्या गळ्यातल्या रेडिओपट्ट्याला, कॅमेऱ्यांना, कुंपणाला सरकार पैसे देते, आणि ते देणगीदारांनाही लवकर दिसते. माझी सूचना अशी, की निम्मे तरी पैसे वसाहतींतल्या मुलांच्या शिक्षणाकडे जावेत. नुसते पुस्तकांना नव्हे. ज्यांना ओढ्याकाठची झाडे क्रमाने सांगता येतात अशी म्हातारी माणसे अजून आहेत. त्यांच्याकडून ती नावे, ते औषधी उपयोग, कुठे कुठले गावठाण होते ते, वसाहतीतल्याच मुलामुलींनी लिहून घ्यावे आणि त्या कामाचे त्यांना मानधन मिळावे. असे काम करायला तयार असलेले दोन-तीन शिक्षक माझ्या माहितीत आहेत, आणि मंडळाने ठरवले तर मी ओळख करून देईन. यावर तुमच्यात वाद होणार हे मला ठाऊक आहे. कार्यक्रमाच्या दिवशी चकली खाता खाता जरूर घाला. माझी लेकसुद्धा माझ्या विरुद्ध बाजूला आहे.

आणि एकदा जाऊन या. तुमच्या ख्रिसमसच्या सुट्ट्या त्यासाठी बऱ्या. पावसाळ्यात उद्यान बंद असते, जळवाही असतात, डिसेंबरात दोन्ही अडचणी नाहीत. पुण्याहून कराड, पुढे पेठ नाक्यावरून आत शिराळा, नागपंचमीचे बत्तीस शिराळा ते हेच. मग कोकरूड, आरळा, धरणाशेजारचे वारणावती आणि मणदूर. पुण्याहून पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला पोहोचाल. जेवणात नाचणीची भाकरी मागा, मिळते. उद्यानात वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जायचे. गाडी झोळंबीच्या सड्याकडे जाते. वाघ दिसेल अशी आशा धरू नका. गवा दिसेल, शेकरूची घरटी दिसतील, आणि पहाटे गेलात तर कोकणातून वर चढणारे धुके दिसेल. गर्द रानात एखाद्या ठिकाणी अचानक फणस, आंबा आणि चाफा जवळजवळ उभे दिसले तर गाडी थांबवायला सांगा. ही तीन झाडे तिथे आपोआप एकत्र उगवत नाहीत. खाली पाहिलेत तर जोत्याचे दगड सापडतील, क्वचित जात्याची तळी. वाटाड्या तिथल्याच एखाद्या गावचा असेल, तर ते घर कोणाचे होते हेही त्याला सांगता येईल.